नगर, जुलै 1900: मिशनच्या फाटकाशी

घड्याळ काढून ठेवा. मोबाइल घरीच राहू द्या. खिशात नोटा नेऊ नका; त्यांच्यावर ज्याचा चेहरा आहे तो माणूस अजून दक्षिण आफ्रिकेत वकिली करतो आहे. चार-दोन आण्यांची चिल्लर पुरे. आणि निघण्यापूर्वी पोटभर जेवून घ्या, कारण जिथे चालला आहात तिथे लोकांसमोर बसून काही खाणं तुम्हाला जमणार नाही.

पुण्याहून धोंडकडे, म्हणजे आजच्या दौंडकडे, जाणाऱ्या गाडीत तिसऱ्या वर्गाच्या बाकावर तुम्ही बसला आहात. साल 1900, महिना जुलै. गेल्या वर्षी पावसाने दगा दिला. खरीप करपलं, रब्बीचं बी पेरायलाही ओल उरली नाही. यंदाचा पाऊस अजून लांबलेलाच आहे. खिडकीबाहेर करड्या जमिनीवर पाला ओरबाडलेल्या बाभळी उभ्या आहेत. अर्धा तास झाला तरी एक बैल नजरेस पडत नाही. मधल्या एका स्टेशनात मालगाडी थांबलेली दिसते आणि तिच्या डब्यांतून उग्र वास येतो. शेजारचा उतारू न विचारताच सांगतो, "हाडं हायेत. जनावरांची. मुंबैला चालली."

केडगाव येतं तेव्हा खिडकीशी सरका. स्टेशनापासून थोड्या अंतरावर नव्या इमारती दिसतात, एक मोठं प्रार्थनामंदिर अर्धवट बांधून झालेलं आहे. हे पंडिता रमाबाईंचं मुक्ती सदन. इथे या घडीला हजाराहून जास्त मुली आणि बाया राहतात. मध्य प्रांतातल्या आधीच्या दुष्काळातून आणलेल्या, आणि आता गुजरातेतून येत असलेल्या. रमाबाईंना हे सुचलं कसं, याचं उत्तर त्यांच्याच घरात आहे. 1870 च्या दशकात दक्षिणेतल्या दुष्काळात त्यांचे आईवडील आणि बहीण उपासमारीने गेले. शास्त्री-पुराणिकांचं घर, अंगावर विद्या भरपूर, आणि पोटात काही नाही. ज्या बाईने आपलं घर असं संपताना पाहिलं तिला दुसऱ्यांच्या लेकींना दार उघडताना फार विचार करावा लागला नसेल.

धोंडला गाडी बदला. मनमाडकडे जाणारा हा फाटा 1878 साली, मागच्या मोठ्या दुष्काळाच्या पाठोपाठ सुरू झाला. नगरच्या स्टेशनावर उतराल तेव्हा दुपार कलली असेल. आज ज्या गावाला अहिल्यानगर म्हणतात ते हेच. निजामशाहीची राजधानी, चांदबिबीचा किल्ला, साळ्यांचे माग. पण गावात शिरण्याची घाई नको. आधी गावाबाहेरच्या दुष्काळी कामावर चला.

खडीचं काम

आवाज आधी येतो. शेकडो हातोड्या दगडावर पडताहेत, पण कुणाच्याच हातात जोर नाही, म्हणून तो आवाज विस्कळीत आहे. उन्हात ओळीने माणसं बसली आहेत. बायका जास्त. डोक्यावर फाटक्या लुगड्याचा पदर, मांडीजवळ मूल, पुढ्यात दगडांचा ढीग. मुकादम ढिगाला काठी लावून मापं घेतो, कारकून हजेरीपटात टाचण करतो.

सरकारची मदत अशी आहे: काम करा आणि मजुरी घ्या. मजुरी धान्याच्या भावावर बांधलेली. ठरलेली खडी फुटली नाही तर ती कापतात. 1877 मध्ये सर रिचर्ड टेंपल या इंग्रज अधिकाऱ्याने माणशी रोज एक पौंड धान्याचा हिशेब धरला होता, म्हणजे आपल्या मापात अर्धा किलोही नाही. तेव्हा मुंबई इलाख्यातल्या मजुरांनी कामं टाकून दिली होती आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू घेतली होती. त्यानंतर कमिशन बसलं, दुष्काळ संहिता लिहिली गेली, नियम थोडे माणसाळले. मूळ समजूत मात्र तीच राहिली: फुकट दिलं तर लोक आळशी होतील, म्हणून भुकेची परीक्षा घ्यायची आणि जो दगड फोडायला तयार होईल तो खरा भुकेला मानायचा. या महिन्याच्या अखेरीस हिंदुस्थानभर साठ लाखांहून अधिक माणसं सरकारी मदतीवर असतील. इतका मोठा पसारा दुसऱ्या कुणालाच झेपणारा नव्हता, हेही खरं.

हजेरीपट नीट पाहा. त्यात पुरुष आहेत, बायका आहेत, काम करणारी पोरं आहेत, काम न करणारी पोरं आहेत. कुटुंब कुठेच नाही. नवरा एका कामावर, बायको दुसऱ्या, सासू गावात एकटी, थोरला मुंबईला गिरणीच्या आशेने गेलेला. त्याची चार महिन्यांत खबर नाही. भुकेने माणसं मरण्याआधी घर मरतं. चूल विझते, मग भांडी विकली जातात, मग बैल, मग दाराची चौकट, आणि शेवटी कुणीतरी कुणाला तरी वाटेत सोडून पुढे जातं.

सोडलेली ती माणसं कुठे जातात, ते पाहायला तुम्ही आला आहात.

फाटक

मिशन कंपाऊंडचं फाटक ओळखायला अवघड नाही. त्याच्या बाहेर माणसं बसलेली असतात. बाहेर कडुनिंबाची सावली, आत बंगले, शाळा, देऊळ. इथले ख्रिस्ती लोक चर्चला देऊळच म्हणतात, तुम्हीही तसंच म्हणा.

बोस्टनच्या अमेरिकन बोर्ड या मिशनरी मंडळाची माणसं पहिल्यांदा मुंबईला उतरली ती 1813 मध्ये. गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट ही त्यांची नावं. कंपनी सरकारला ती नको होती; त्यांना परत पाठवायचीच तयारी चालली होती. हॉल राहिला आणि 1826 मध्ये नाशिककडे फिरताना पटकीने गेला. 1831 मध्ये नगरचं ठाणं उघडलं. 1842 मध्ये इथूनच 'ज्ञानोदय' हे मिशनचं नियतकालिक निघू लागलं. म्हणजे तुम्ही या फाटकाशी पोहोचता तेव्हा अमेरिकन मराठी मिशनला या गावात सत्तरएक वर्षं होत आलेली आहेत. नगरच्या बाजारात हे लोक आता परदेशी पाहुणे राहिलेले नाहीत. रॉबर्ट ह्यूम साहेबांचंच घ्या. जन्म मुंबईचा, 1847 चा. बाप मिशनरी. शिक्षण येल आणि अँडोव्हरला, आणि 1874 पासून इथेच. ते मराठी बोलू लागले की कान थोडा फसतो.

ह्यूम साहेबांबद्दल एक गोष्ट माहीत असू द्या. 1886 मध्ये ते रजेवर अमेरिकेत होते. ख्रिस्ताचं नाव कधी न ऐकता जे मेले त्यांनाही मरणानंतर संधी मिळेल अशी आशा धरायला जागा आहे, असं त्यांनी तिथे उघड म्हटलं. मिशनच्या वरिष्ठांना ते रुचलं नाही. त्यांचं परतणं अडवून धरलं गेलं. 1887 मध्ये मोठ्या वादानंतर त्यांना येऊ दिलं. बोस्टनमध्ये हा धर्मशास्त्राचा वाद होता. नगर जिल्ह्यात तो घरगुती प्रश्न होता. नव्याने ख्रिस्ती झालेला माणूस पाळकाला पहिलं हेच विचारत असणार: माझा बाप तर तुमचं काहीच न ऐकता मेला, तो आता कुठं आहे? त्याला नरक दाखवणारा साहेब आणि आशा दाखवणारा साहेब यांत फार अंतर आहे.

फाटकातून आत गेल्यावर ह्यूम साहेब भेटतीलच असं नाही. दुष्काळाच्या पैशांचा आणि धान्याचा हिशेब डोक्यावर घेऊन ते मुंबई-नगर धावपळ करताहेत. तुमची गाठ पडते ती एका मास्तरांशी. चाळिशीचे, काळे, बंद गळ्याचा कोट, पायात वहाणा. त्यांचे वडील महारवाड्यात वाढले. नगर जिल्ह्यातले बहुतेक ख्रिस्ती महार आणि मांग समाजांतून आलेले आहेत. खेड्यापाड्यांतल्या मिशनच्या शाळा अशाच मास्तरांवर चालतात. साहेबाचं नाव अहवालात छापून बोस्टनला जातं. चिखल तुडवत गावोगाव फिरणं मास्तरांच्या आणि घरोघर बायबल सांगणाऱ्या 'बायबल बायां'च्या वाट्याला येतं.

"लिहिता येतं?" मास्तर विचारतात. तुम्ही मान हलवता. ते तुमच्यापुढे रजिस्टर सरकवतात.

रजिस्टर

रकाने असे आहेत: नाव, वय, बापाचं नाव, गाव, जात, कुणी आणलं. तुम्ही टाक दौतीत बुडवून बसता. रांग सुरू होते.

पहिला मुलगा आपलं नाव सांगतो, गावाचं सांगता येत नाही. दुसरीला बापाचं नाव माहीत नाही, "आबा" एवढंच माहीत आहे. तिसऱ्याला बोलायचं बळ नाही. पाठीला पोट लागलेलं, गुडघे मांड्यांपेक्षा जाड. मास्तर त्याला आधी आत पाठवतात, पेज पाजायला. पातळ, कोमट आणि थोडी थोडी. उपाशी पोटाला एकदम भाकरी दिली तर मूल दगावतं, हे इथल्या स्वयंपाकिणीला कुणी डॉक्टरने शिकवलेलं नाही. मागच्या दुष्काळाने शिकवलं आहे.

मग एक बाई येते. कडेवर तीनेक वर्षांचं पोर, बोटाला धरून एक मुलगी. ही बाई तुम्हाला कुठल्याही अहवालात सापडणार नाही. अशा बायांची नावं अहवालात येत नसत. पण अशा बाया फाटकाशी येत, एवढं अहवाल वाचतानाही कळतं.

"माझी न्हाईत ही," ती म्हणते. "वाटंत गावली."

पोर तिच्या मानेला गच्च धरून आहे. मुलगी तिच्याकडे वर बघत नाही. तुम्हाला कळतं, मास्तरांनाही कळतं. अनाथ आहेत असं म्हटलं तरच ठेवून घेतील, असं तिला कुणीतरी सांगितलेलं आहे. म्हणून ती जिवंतपणी स्वतःला मेलेली सांगते आहे.

तुमचा टाक थांबतो. 'अनाथ' लिहायचं? तसं लिहिलं तर पोरं आज रात्री जेवतील. अमेरिकेत कुणीतरी चर्चमध्ये वर्गणी गोळा करील, त्यातून त्यांचा वर्षाचा खर्च निघेल. आणि दहा वर्षांनी ती स्वतःला अनाथ समजत मोठी झालेली असतील.

मास्तर खाली वाकून हळू आवाजात विचारतात, "बाई, गाव कंचं?"

ती गप्प.

"पोरं ठेवतो. तुला बी पेज देतो. गाव सांग म्हंजे लिहून ठेवतो. पाऊस पडला, तू जगली-वाचली, तर हितं येऊन नाव सांगायचं."

बाई गावाचं नाव सांगते. तिचं स्वतःचंही सांगते. तुम्ही शेवटच्या रकान्यात लिहिता: आई हयात.

एवढ्या दोन शब्दांसाठी तुम्ही सव्वाशे वर्षं मागे आलात, असं म्हटलं तरी चालेल. सगळ्या मिशनांच्या सगळ्या ठाण्यांवर हे दोन शब्द लिहिले गेले असतील असं मानण्याइतकं भाबडं होऊ नका. दूरच्या देणगीदाराला अनाथ मूल समजतं; भुकेलं पण आई असलेलं मूल त्याला समजावून सांगायला वेळ लागतो. न्यूयॉर्कच्या 'ख्रिश्चन हेरल्ड' साप्ताहिकात हिंदुस्थानातल्या सांगाड्यांसारख्या माणसांचे फोटो छापून येताहेत. ते पाहून परक्या देशातले लोक खिशात हात घालतात. फोटोत माणसाची भूक दिसते, त्याचं गाव दिसत नाही, शेत दिसत नाही आणि लेकराला हात दाखवून परत फिरलेली आई तर मुळीच दिसत नाही.

गावात

संध्याकाळी गावात फिरा. एका वाड्याच्या ओट्यावर चार माणसं बसलेली असतील. जागा करून देतील, पण पाणी द्यायच्या आधी जात विचारतील.

"मिशनात गेला होतात? बाटवतील हो," एक म्हणतो.

"पण जगवतात ना?" दुसरा.

"जगवतात कशाला? बाटवायलाच. भुकेल्याच्या पुढ्यात भाकरी ठेवायची आणि वर उपदेश ऐकवायचा, याला धर्म म्हणायचं?"

त्याचं चुकलेलं नाही. उपाशी माणसाचा होकार खरा की पोटाचा, हे त्याचं त्यालाही सांगता येत नाही. हा प्रश्न मिशनऱ्यांनाही छळत होता. तेलुगू मुलखात ओंगोलला जॉन क्लाउ नावाचा बाप्टिस्ट मिशनरी होता. 1876-78 च्या दुष्काळात त्याने बकिंगहॅम कालव्याच्या खोदाईचा एक तुकडा कंत्राटाने घेतला, हजारो लोकांना काम दिलं, आणि दुष्काळ चालू असेपर्यंत बाप्तिस्मा देणं बंद ठेवलं. लोकांनी पोटासाठी धर्म बदलू नये म्हणून. मदतीचं काम संपल्यावर, 1878 च्या जुलैत, एका दिवसात 2,222 लोकांनी त्याच्याकडून बाप्तिस्मा घेतला. याचा अर्थ ज्याचा त्याने लावायचा. ओट्यावरचा गृहस्थ म्हणेल, उपकाराचं ओझं होतं. क्लाउ म्हणेल, आता तर भाकरी नव्हती, मग का आले? आणि त्या 2,222 जणांना, ज्यांतले बहुतेक अस्पृश्य मानले गेलेले होते, विचारलं तर कदाचित तिसरंच उत्तर येईल: दुष्काळात आमच्या शेजारी येऊन बसणारं दुसरं कोण होतं?

ओट्यावरच्या मंडळींना हा शेवटचा प्रश्न विचारून पाहा. तिथे शांतता पसरेल. तशी हिंदू समाजातून हालचाल नव्हती असं मुळीच नाही. पंढरपूरला लालशंकर उमियाशंकर यांनी 1875 मध्ये अनाथाश्रम काढला होता. पंजाबात लाला लजपतराय आणि आर्य समाज दुष्काळातली मुलं मिशनांच्या हाती जाऊ नयेत म्हणून धडपडत होते. 1901 च्या दुष्काळ कमिशनपुढे लजपतरायांनी याच विषयावर साक्ष दिली. मिशनांमुळे का होईना, पोरक्या मुलाचं काय करायचं हा प्रश्न ओट्यावर आला. एरवी तो महारवाड्याच्या पलीकडेच मरत होता.

एक घर मोडतं, एक जुळतं

नगरात आणखी एका घराकडे चला. नारायण वामन टिळकांच्या. मराठीतले मोठे कवी, चित्पावन ब्राह्मण. 1895 च्या फेब्रुवारीत मुंबईला त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंच्या पायाखालची जमीन सरकली. पुढची चार-पाच वर्षं नवराबायको वेगळी राहिली. माहेरची माणसं रडली, सासरचा आधार तुटला. मिशन एका हाताने भुकेली घरं सावरत होतं तेव्हा धर्मांतराने दुसरीकडे घरं उभी चिरत होती, हे विसरून या कामाचं कौतुक करता येत नाही.

पण लक्ष्मीबाईंची गोष्ट तिथे संपत नाही. आता, 1900 मध्ये, त्या टिळकांबरोबर आहेत, आणि याच वर्षी त्याही बाप्तिस्मा घेतील. नवऱ्याने ओढून नेलं म्हणून नाही. जात ही माणसांनी केलेली गोष्ट आहे, देवाने नाही, हे त्यांना आपलं आपण पटलं, आणि पटल्यावर आधी सोवळं सुटलं, मग परक्या हातचं पाणी चाललं, आणि मग बाकीचं. हा सगळा प्रवास त्यांनी 'स्मृतिचित्रे'मध्ये लिहून ठेवला आहे. मराठी ख्रिस्ती होणं म्हणजे काय, हे कुठल्याही मिशन अहवालापेक्षा तिथे जास्त कळतं. या घरात पुढे कितीतरी परकी मुलं वाढतील. कोवळा बालकवी ठोंबरेही इथे राहून जाईल, आणि तो हिंदूच राहील.

रविवारी मिशनच्या देवळात जाऊन बसा. इंग्रजी पेटीवरच्या सुरांची अपेक्षा ठेवून जाल तर चकित व्हाल. टाळ आहेत, मृदंग आहे. नगरच्या ख्रिस्ती मंडळीत कीर्तनाची चाल केव्हाच रुजली आहे. कृष्णराव रत्नाजी सांगळे यांची पदं लोकांना तोंडपाठ आहेत. मागच्या बाकांवर बोर्डिंगातली मुलं आहेत. गेल्या महिन्यात ज्यांना उभं राहता येत नव्हतं त्यांतली काही आज टाळ्यांवर ताल धरताहेत.

आता याच आवारात आणखी बावन्न वर्षं मागे जाऊन या, फार वेळ लागणार नाही. 1848. सिंथिया फरार नावाची अविवाहित बाई, 1827 मध्ये बोस्टनहून आलेली, इथे मुलींच्या शाळा चालवते आहे. पुण्याहून एक एकवीस वर्षांचा तरुण मित्र सदाशिव बल्लाळ गोवंडे यांच्याबरोबर तिच्या शाळा पाहायला आला आहे. तो निरखून पाहतो आणि परत जातो. त्याच वर्षी भिडेवाड्यात मुलींची शाळा उघडते. जोतीराव फुल्यांनी मिशनकडून हवं ते घेतलं, मोकळेपणाने कबूल केलं, आणि बाप्तिस्मा घेतला नाही. मिशनच्या अहवालाच्या हिशेबात ही जमा कुठे धरणार?

मका

जुलैच्या दुसऱ्या पंधरवड्यात परत कंपाऊंडमध्ये या. आवारात एकच विषय आहे: जहाज आलं. 'क्विटो' त्याचं नाव. मे महिन्यात न्यूयॉर्कहून निघालं. 'ख्रिश्चन हेरल्ड'च्या वाचकांनी वर्गणी काढली, भाडं अमेरिकन सरकारने भरलं, आणि जहाजात आहे सुमारे 2 लाख बुशेल मका, म्हणजे पाच हजार टनांच्या आसपास. तो मुंबई बंदरातून ठिकठिकाणच्या मिशन ठाण्यांना वाटायचा आहे. या वाटपाच्या कामात ह्यूम साहेब पुढे आहेत. पुढच्याच वर्षी सरकार त्यांना या दुष्काळसेवेसाठी कैसर-ए-हिंदचं सुवर्णपदक देईल.

स्वयंपाकघरात बायका चर्चा करताहेत. मक्याची कणसं भाजून खाल्लेली माहीत. पण रोजची भाकर मक्याची? "जात्यावर दळंल का?" "दळंल, पण दोघी लागतील." "पोटाला झेपंल?" "आधी कण्या करून बघू." इलिनॉय आणि कॅन्सासकडच्या माणसाला जे धान्य घरचं वाटतं ते नगरच्या बाईला परकं आहे. देणाऱ्याने स्वतःच्या ताटातलं पाठवलं, घेणारीने ते आपल्या चुलीवर कसं बसवायचं ते ठरवलं. परदेशी मदतीचं यश-अपयश बरंचसं या दुसऱ्या बाईवर अवलंबून असतं आणि तिचा सल्ला सहसा कुणी घेत नाही.

आणि मग एका दुपारी आभाळ भरून येतं.

पाऊस पडल्यावर लोक आनंदाने नाचतील अशी तुमची कल्पना असेल. ते नाचत नाहीत. ते बी शोधू लागतात. पेरायला बी नाही, नांगराला बैल नाही. पावसाने भूक संपत नाही. पीक हाती येईपर्यंतचे महिने सर्वांत कठीण असतात. सरकार तगाई देतं, मिशन काही ठिकाणी बियाणं देतं. एका तोंडाला रोज पेज घालण्यापेक्षा एका घराला दोन पायल्या बी देणं जास्त पुण्याचं आहे, हे या आठवड्यात सगळ्यांनाच कळतं. नगर जिल्ह्यातल्या वडाळ्याला सॅम्युएल फेअरबँक नावाचे मिशनरी होते, दोन वर्षांपूर्वी वारले. सुवार्तेइतकाच त्यांचा जीव लोखंडी नांगरांत आणि पाखरांत होता. आता त्यांचा मुलगा तिथे काम पाहतो. शेतकऱ्याचं घर शेतावर उभं राहतं, हे त्या बापलेकांना सांगावं लागलं नाही.

फाटकाशी जाऊन उभे राहा. कुणी पोराला न्यायला येतंय का ते पाहा. काही येतील. काहींना यायला कुणी उरलेलं नसेल. काही येतील आणि पोराकडे बघून म्हणतील, "हितंच ऱ्हाऊ द्या मास्तर, शिकतंय." हा तिसरा निर्णयही त्यांचाच.

पुढे

उरलेल्या मुलांचं काय झालं ते पाहायला दहा वर्षं पुढे या. डेव्हिड चर्चिल नावाचा अमेरिकन इंजिनिअर नगरला येऊन माग सुधारतो आहे; त्याच्या हातमागावर दुष्काळातून वाचलेली पोरं पिढीजात विणकर नसूनही कापड काढताहेत. कुणी सुतार झाला, कुणी मास्तर. काही मुली परिचारिका झाल्या, काही बायबल बाया. 1947 मध्ये डॉ. भास्कर पांडुरंग हिवाळे नगरला कॉलेज काढतील; त्याच्या वर्गात साऱ्या जिल्ह्याची मुलं बसतील, कुणालाही बाप्तिस्मा विचारला जाणार नाही.

परतीची गाडी पकडण्यापूर्वी हिशेब करू. त्या फाटकाने जीव वाचवले, यात शंका नाही. पेज आणि प्रार्थना एकाच आवारात असल्यामुळे घेणाऱ्याचं मन पूर्ण मोकळं नव्हतं, यातही शंका नाही. दोन्ही खरं आहे आणि एकाने दुसरं पुसून टाकू नये. पण मिशनचं जे काम टिकलं ते कुठलं? कीर्तनातली पदं टिकली, कारण ती इथल्यांनी रचली. शाळा टिकल्या, कारण मास्तर इथलेच होते. फरार बाईंच्या शाळेचं फळ सर्वांत लांब गेलं, कारण ते घेऊन जाणाऱ्याला कुणी आपल्या आवारात अडवून ठेवू शकलं नाही. जिथे घेणाऱ्याला आपलं डोकं वापरायची मुभा राहिली, तिथे मदत रुजली.

आजही परदेशी मिशनं गरीब घरांसाठी काम करतात. आपल्याकडचे मठ, ट्रस्ट आणि संस्थाही करतात; मराठी माणसंही आता आफ्रिकेत आणि नेपाळात सेवेला जातात. तुम्ही त्यांना देणगी देत असाल, तर पावती घेताना एक प्रश्न विचारा: हे घर उद्या तुमच्या दारी न येता, तुमचं न ऐकता, आपल्या पायावर उभं राहिलं, तर तुम्ही त्याला यश म्हणाल का? जो लगेच हो म्हणेल त्याला पैसे द्या. जो घुटमळेल त्याच्याकडे रजिस्टर मागा, आणि त्यात मुलाच्या नावापुढे आईचं नाव लिहिलंय का ते पाहा.